अंड्याशेजारी पेला हवा

रशियाचा सम्राट दुसरा निकोलस याच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने मीना चढवलेल्या दोन वस्तू घडवल्या गेल्या. त्यांतली एक सेंट पीटर्सबर्गच्या कार्ल फाबर्जे यांच्या सराफी पेढीने १८९७ च्या ईस्टरसाठी केली. ईस्टरला सम्राट आपल्या आईला आणि पत्नीला जी जडावाची अंडी भेट देत असे, त्यांतलेच हे एक. ते सोन्याचे अंडे साधारण पाच इंच लांबीचे आहे. त्याच्या पत्र्यावर आधी यंत्राने सूर्यकिरणांसारख्या बारीक रेघा कोरल्या आणि मग त्यांवर पिवळसर, पारदर्शक मीन्याचे थर एकेक करून भट्टीत भाजले, त्यामुळे अंड्यावर उजेड पडला की तो पृष्ठभागावर न थांबता आतल्या रेघांमधून सरकत जातो. वरून सोन्याची जाळी आहे आणि जाळीच्या सांध्यांवर काळ्या मीन्याचे दुतोंडी गरुड बसवले आहेत. अंडे उघडले की मखमलीच्या गादीवर तांबड्या मीन्याची बोटभर लांबीची बग्गी दिसते. सम्राज्ञी अलेक्झांड्रा १८९६ च्या मे महिन्यात ज्या बग्गीतून मॉस्कोत आली, तिचीच ही हुबेहूब प्रतिकृती. तिची दारे उघडतात, पायऱ्या दुमडतात, चाके फिरतात, खिडक्यांना स्फटिकाची तावदाने आहेत आणि चाकांवरच्या धावा प्लॅटिनमच्या आहेत. जॉर्ज स्टाइन नावाचा कारागीर या एका बग्गीवर पंधरा महिने बसला होता असे सांगतात.

दुसरी वस्तू म्हणजे पत्र्याचा एक पेला. त्यावरही मीनाच आहे. मात्र तो आपल्या जुन्या स्वयंपाकघरांतल्या टवके उडणाऱ्या इनॅमलच्या मगांवर असतो तसा जाड आणि अपारदर्शक. पांढऱ्या अंगावर निळी-तांबडी नक्षी, दुतोंडी गरुड, सम्राटाची आद्याक्षरे आणि १८९६ हे वर्ष. राज्याभिषेकानंतर चौथ्या दिवशी मॉस्कोबाहेरच्या खोदिंका मैदानावर असे सुमारे चार लाख पेले फुकट वाटायचे ठरले होते. प्रत्येक पेल्याबरोबर रुमालात बांधलेला पाव, सॉसेजचा तुकडा आणि थोडा गोड खाऊ मिळणार होता. मैदान लष्करी कवायतीचे होते आणि त्यात चर आणि खड्डे होते. आदल्या रात्रीपासून लाखो माणसे जमली. पेले पुरणार नाहीत अशी पहाटे आवई उठली आणि गर्दी खड्ड्यांवरून पुढे लोटली. सरकारी आकड्याप्रमाणे १,३८९ माणसे चेंगरून मेली. त्याच संध्याकाळी फ्रेंच राजदूताकडे ठरलेला नाचाचा समारंभ झाला आणि नवे सम्राट-सम्राज्ञी त्याला हजर राहिले. दुसऱ्या दिवशी दोघे इस्पितळात जखमींना भेटून आले आणि मृतांच्या कुटुंबांना मदतही जाहीर झाली, हे सांगायलाच हवे. पण लोकांच्या लक्षात राहिला तो नाच.

अंडे आज सेंट पीटर्सबर्गच्या शुवालोव्ह प्रासादातील फाबर्जे संग्रहालयात आहे. ते जगभर हिंडून आलेले आहे आणि जिथे गेले तिथे लोकांनी रांगा लावून पाहिले. माझे म्हणणे असे आहे की ते जिथे जिथे मांडले जाईल तिथे तिथे त्याच काचपेटीत, त्याच उजेडात, त्याच उंचीवर तो पत्र्याचा पेलाही ठेवला पाहिजे. केवळ या एका अंड्यापुरते मी हे म्हणत नाही. झारशाहीच्या काळातील रशियन जडजवाहिरांची प्रदर्शने जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत एकसारखी भरतात, आणि त्यांच्या मांडणीची एक ठरीव रीत होऊन बसली आहे. अंधारलेले दालन, काळे कापड, हिऱ्यांवर नेमके पडणारे झोत, दबके आवाज, आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर अंड्याच्या आकाराच्या भेटवस्तूंचे दुकान. ही रीत सराफाच्या पेढीची आहे. माल विकायचा असतो म्हणून सराफ तसे करतो आणि त्यात वावगे काही नाही. पण संग्रहालयाला काही विकायचे नसते, निदान तशी अपेक्षा असते. मग वस्तू कुणी केली, कुणाच्या पैशाने केली, तेव्हा भोवताली काय चालले होते आणि ती फिरत फिरत इथवर कशी आली, या चार प्रश्नांची उत्तरे द्यायला संग्रहालयाला अडचण कसली?

यावर येणारा पहिला आक्षेप मला ठाऊक आहे, कारण माझ्या घरातच तो घेतला जातो. सुंदर वस्तू पाहायला गेलेल्या माणसाला सुंदर वस्तू पाहू द्यावी. प्रत्येक दागिन्यापाशी मढी मोजत बसायचे तर मग कुठलीच कला पाहता येणार नाही, कारण लेणी, देवळे, शालू, दागिने हे सगळेच कुठल्या ना कुठल्या धनवंताच्या पदराखाली झाले आहे. आक्षेपात तथ्य आहे. परंतु पेला शेजारी ठेवल्याने अंडे कुरूप होत नाही. उलट माझ्या मते ते तेव्हाच पुरते दिसते. मीना हे एकच तंत्र, राज्याभिषेक हा एकच प्रसंग, दुतोंडी गरुड हे एकच चिन्ह. आणि तरीही एकीकडे पंधरा महिन्यांची कारागिरी आणि दुसरीकडे लाखांनी काढलेला ठोकळेबाज माल. दोन्ही वस्तू डोळ्यांसमोर असल्या म्हणजे ‘सूक्ष्म काम’ या शब्दाचा अर्थ कळतो, आणि त्या कामाला लागणारा पैसा कुणापाशी होता आणि कुणापाशी नव्हता, तेही वेगळे सांगावे लागत नाही. कुणावर आरोपपत्र ठेवण्याचा इथे प्रश्नच नाही. पेला स्वतः काही बोलत नाही. पाटीवर दोन ओळी लिहिल्या की झाले.

राहिली गोष्ट कारागिरांची. फाबर्जे हे नाव पेढीचे आहे. कार्ल फाबर्जे यांनी १८७२ मध्ये वडिलांची पेढी हाती घेतली, तिला दरबारी मान मिळवून दिला आणि अभिरुचीच्या बाबतीत सगळ्या मालावर आपला धाक ठेवला. परंतु प्रसिद्ध अंड्यांपैकी एकही त्यांनी स्वतःच्या हाताने घडवलेले नाही. पेढीच्या छत्राखाली स्वतंत्र कारखाने होते आणि प्रत्येकाचा एक उस्ताद असे. त्यांत फिनलंडहून आलेले पुष्कळ होते. ज्या मिखाईल पेर्खिनच्या कारखान्यातून राज्याभिषेकाचे अंडे निघाले तो ओलोनेत्स भागातल्या शेतकरी घरातला, आणि त्याच्यानंतर कारखाना चालवणारा हेन्रिक विगस्ट्रोम फिनलंडचा. रशियातल्या कायद्याने मौल्यवान धातूच्या वस्तूवर कसाचा छाप बंधनकारक होता. सोन्यावर बहुधा ५६ हा आकडा दिसतो, म्हणजे ९६ भागांत ५६ भाग सोने, आपल्या हिशेबाने चौदा कॅरट. या छापाशेजारीच उस्तादाची आद्याक्षरे उमटवलेली असत. म्हणजे कारागिराचे नाव शोधायला संग्रहालयाला फार लांब जावे लागत नाही, ते त्या वस्तूवरच असते. फक्त छाप तांदळाच्या दाण्याहून लहान असतो आणि बहुतेक वेळा प्रेक्षकाकडे पाठ करून असतो. त्याचे मोठे केलेले एक छायाचित्र पाटीवर द्यायला कितीसा खर्च येणार? आपल्या झवेरी बाजारातही दागिना पेढीच्या नावाने ओळखला जातो आणि गल्लीतल्या माळ्यावर तो घडवणाऱ्या कारागिराचे नाव गिऱ्हाईक कधी विचारत नाही, म्हणून आपल्याला हे खटकत नसावे. मात्र कार्ल्याच्या चैत्यगृहात दोन हजार वर्षांपूर्वी दात्यांची नावे खांबांवर कोरली गेली तेव्हा धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचे नावही तिथल्या लेखांत आले. तेवढे भान तेव्हाही लोकांना होते.

आणि छापातही ज्यांचे नाव येत नाही अशी माणसे होतीच. अल्मा पील हिची गोष्ट मला या सगळ्या पसाऱ्यात सर्वांत मोलाची वाटते. ती १८८८ ची. आजोबा ऑगस्ट होल्मस्ट्रोम हे फाबर्जेकडचे जुने उस्ताद, वडीलही पेढीच्या मॉस्को शाखेत दागिन्यांचा कारखाना सांभाळणारे. वडील लवकर वारले. अल्मा विशीत असताना मामा आल्बर्ट होल्मस्ट्रोम यांच्या कारखान्यात लागली ती नोंदी ठेवण्यासाठी. तयार झालेला प्रत्येक दागिना खऱ्या आकारात चितारायचा आणि त्यात किती खडे, किती धातू गेला ते लिहायचे. चित्रकलेचे रीतसर शिक्षण तिने घेतलेले नव्हते. फावल्या वेळात ती स्वतःच्या कल्पना रेखाटू लागली आणि मामाने त्या पाहिल्या. तेलसम्राट इमॅन्युएल नोबेल यांना भेटी देण्यासाठी नावीन्यपूर्ण आणि तरीही लाच वाटणार नाही इतपतच किमतीच्या पिना हव्या होत्या, अशी कथा सांगतात. थंडीत कारखान्याच्या खिडकीच्या काचेवर जमलेल्या हिमाच्या नक्षीवरून अल्माने त्यांचे आराखडे केले. त्याच नक्षीतून १९१३ चे ‘हिवाळी अंडे’ आले. स्फटिकाचे पातळ कवच, त्याला आतून कोरलेले हिमकण, बाहेरून प्लॅटिनमच्या कोंदणातली हिऱ्यांची हिमफुले, वितळत्या बर्फासारखी दिसणारी स्फटिकाची बैठक. आणि आत प्लॅटिनमच्या टोपलीत पांढऱ्या दगडाच्या पाकळ्यांची, वसंतात सर्वांत आधी उमलणारी रानफुले. पुढच्या वर्षी तिने सासूबाईंच्या हातातले भरतकाम पाहून ‘मोझेक अंड्या’ची कल्पना काढली, त्यात बारीक खडे प्लॅटिनमच्या जाळीत भरतकामाच्या टाक्यांसारखे बसवले आहेत.

१९१७ च्या क्रांतीनंतर अल्मा पील फिनलंडला गेली आणि कुसान्कोस्की गावच्या शाळेत चित्रकला आणि सुलेखन शिकवू लागली, ते थेट १९५१ पर्यंत. या बाईंनी रशियाच्या सम्राटासाठी काय काय रेखाटले होते याची तिथे कुणाला फारशी कल्पना नव्हती. १९७६ मध्ये ती वारली. तिच्या दोन अंड्यांपैकी एक ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे आणि दुसरे पुनःपुन्हा लिलावात येऊन विक्रम करत आले. फाबर्जे या नावाचे मात्र बरे चालले. अमेरिकेत ते पुढे अत्तरांच्या धंद्याला लागले, आणि आमच्या घरी आखातातून येणाऱ्या मामाच्या बॅगेतून ‘ब्रुट’ आफ्टरशेव्हची जी हिरवी बाटली निघत असे तिच्यावरही फाबर्जे असेच लिहिलेले असे. नाव पुढे निघून गेले आणि हात मागे राहिले, हे पाटीवर लिहायला नको काय?

किमतीबद्दल संग्रहालये संकोचाने गप्प बसतात. पैशाची भाषा केली तर आपण लिलावघरासारखे दिसू अशी त्यांना भीती वाटत असावी. मला वाटते की मूळ बिल दाखवणे आणि आजची बोली दाखवणे यांत फरक आहे. हिवाळी अंड्याचे १९१३ चे बिल २४,६०० रूबलचे आहे. त्याच वर्षी रशियातल्या कारखान्यातला कामगार वर्षाकाठी सरासरी अडीचशेच्या थोडे वर रूबल कमवत होता. म्हणजे एका अंड्याच्या किमतीत एका कामगाराची नव्वदहून अधिक वर्षांची मजुरी. हे अंडे सम्राटाने आपल्या आईला, मारिया फ्योदोरोव्ह्ना हिला, दिले. पुढे सोव्हिएत सरकारने ते लंडनच्या एका व्यापाऱ्याला विकले, ४५० पौंडांना. आणि डिसेंबर २०२५ मध्ये लंडनमधल्या लिलावात त्याला २ कोटी २९ लाख पौंड मिळाले. या तीन आकड्यांमध्ये विसाव्या शतकाचा केवढा तरी इतिहास सामावलेला आहे. मधला आकडा सर्वांत लहान, पण सर्वांत जास्त सांगणारा तोच.

कारण ही रत्ने रशियाबाहेर कशी गेली याबद्दल एक गोड गैरसमज आहे. परागंदा राजकन्यांनी ती पेटीकोटात शिवून आणली, असे आपल्याला वाटत असते. तसे थोडे झाले. ग्रँड डचेस मारिया पाव्लोव्ह्ना हिचा मोत्या-हिऱ्यांचा मुकुट १९१७ मध्ये एका इंग्रज मित्राने तिच्या पेत्रोग्राडच्या, म्हणजे सेंट पीटर्सबर्गच्या, महालातून बाहेर काढला आणि १९२१ मध्ये तो ब्रिटनच्या क्वीन मेरीने विकत घेतला, ही गोष्ट खरीच आहे. मारिया फ्योदोरोव्ह्ना १९१९ मध्ये ब्रिटिश युद्धनौकेवरून क्रिमिया सोडून गेली तेव्हा शेवटचे, १९१६ चे अंडे तिच्यापाशी होते. परंतु उरलेला फार मोठा माल पळवून नेलेला नाही. तो राज्यकर्त्यांनीच रीतसर विकला. १९२७ च्या मार्चमध्ये लंडनच्या क्रिस्टीज लिलावघरात रशियन राजरत्नांचे १२४ नग बोलीवर चढले. हिऱ्यांनी मढवलेला लग्नमुकुट त्यांतच होता. तो आज वॉशिंग्टनच्या हिलवुड संग्रहालयात आहे. नंतरच्या वर्षांत ‘अँटिक्वारियात’ या सरकारी खात्याने अंडी, प्रतिमा, चांदीची भांडी, सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयातली तैलचित्रे हे सगळे परदेशी चलनासाठी विकायला काढले, कारण पंचवार्षिक योजनेला यंत्रे हवी होती. अमेरिकेत आर्मंड हॅमर या उद्योगपतीने झारच्या खजिन्यातल्या वस्तू डिपार्टमेंट स्टोअरमध्ये मांडून विकल्या, आणि मंदीच्या दिवसांतही गिऱ्हाइके आली. सम्राटांसाठी पूर्ण होऊन दिल्या गेलेल्या पन्नास ईस्टर अंड्यांपैकी आज क्रेमलिनच्या शस्त्रागार संग्रहालयात दहाच आहेत. सातांचा पत्ता नाही. त्यामुळे ‘अमुक बाईंची देणगी, १९४७’ एवढेच लिहिणारी पाटी खोटे बोलत नसली, तरी देणगीदाराच्या आधीचा रस्ता ती कापून टाकते, आणि खरी कहाणी त्या रस्त्यावरच घडलेली असते.

हा रस्ता लिहून ठेवण्याचा एक व्यावहारिक फायदाही आहे, तो जाता जाता नोंदवतो. २०२०-२१ च्या हिवाळ्यात हर्मिटाजमध्ये फाबर्जेचे मोठे प्रदर्शन भरले होते. खासगी संग्राहकांकडून आणलेल्या त्यातल्या काही वस्तू बनावट आहेत असा जाहीर पत्रातून आरोप झाला. संग्रहालयाने आपली बाजू लावून धरली आणि वाद जगभर गाजला. आरोप खरा की खोटा ते ठरवणे माझे काम नाही. मात्र प्रत्येक वस्तूपाशी तिच्या मालकांची साखळी उघडपणे लिहिलेली असती, आणि जिथे कडी तुटते तिथे ‘इथे तुटते’ असे लिहिलेले असते, तर प्रेक्षक निदान विचार करू शकला असता.

आता क्रेमलिनकडे वळतो, कारण तिथल्या दोन वस्तूंशी आपला थेट संबंध आहे. क्रेमलिनच्या शस्त्रागार संग्रहालयात ‘पाम्यात अझोवा’ या युद्धनौकेच्या नावाचे, १८९१ चे अंडे आहे. तांबडे ठिपके असलेल्या गर्द हिरव्या दगडाचे कवच, त्यावर सोन्याची वळणदार वेल, आणि आत समुद्र म्हणून बसवलेल्या अ‍ॅक्वामरीनच्या तुकड्यावर सोन्या-प्लॅटिनमचे इवलेसे जहाज. दोरखंड, तोफा, नांगराची साखळी सगळे जागच्या जागी, आणि मागल्या बाजूला रशियन अक्षरांत नाव. युवराज निकोलस आणि त्याचा धाकटा भाऊ गिओर्गी याच जहाजावरून पूर्वेच्या सफरीला निघाले होते, आणि १८९० च्या डिसेंबरमध्ये ते मुंबईत उतरले. गिओर्गीच्या छातीत दुखणे बळावल्याने त्याला मुंबईहूनच परत धाडण्यात आले. तो पुढे १८९९ मध्ये क्षयाने गेला. निकोलस पुढे सरकला. आईला ईस्टरला हे अंडे मिळाले आणि त्यानंतर आठच दिवसांनी जपानमध्ये ओत्सू गावी एका पोलिसाने निकोलसवर तलवार चालवली. तो थोडक्यात वाचला. खऱ्या जहाजाचे पुढे काय झाले? १९०६ मध्ये त्यावरच्या खलाशांनी बंड केले, पुढाऱ्यांना गोळ्या घालण्यात आल्या, जहाजाचे नाव बदलण्यात आले आणि १९१९ मध्ये क्रोनश्टाटच्या बंदरात ब्रिटिश टॉर्पेडोने ते बुडवले. अ‍ॅक्वामरीनच्या समुद्रावर मात्र ते अजून निर्विघ्न तरंगते आहे. त्याच काचपेटीत खऱ्या जहाजाचे एक छायाचित्र आणि बंडवाल्या खलाशांविषयी चार ओळी असल्या तर त्या अंड्याची शोभा कमी होईल असे मला मुळीच वाटत नाही.

दुसरी वस्तू म्हणजे शाह हिरा. क्रेमलिनमध्येच ‘अल्माझ्नी फोंद’, म्हणजे हिऱ्यांचा खजिना, असे वेगळे प्रदर्शन आहे. ते १९६७ मध्ये, ऑक्टोबर क्रांतीला पन्नास वर्षे झाली तेव्हा लोकांसाठी खुले करण्यात आले. झारांना उलथून टाकल्याचा सुवर्णमहोत्सव झारांचेच हिरे मांडून साजरा झाला, आणि यातला विनोद तेव्हा मोठ्याने कुणी बोलून दाखवला नसावा. तिथल्या सात ऐतिहासिक रत्नांत ८८.७ कॅरटचा हा हिरा आहे. तो इतर हिऱ्यांसारखा पैलू पाडून चमकवलेला नाही. किंचित पिवळसर झाक असलेली, लांबट, जवळजवळ नैसर्गिक घडणीचीच कांडी आहे ती. एका टोकाशी भोवती खाच आहे, दोरा बांधून टांगण्यासाठी. आणि तीन बाजूंवर फारसी अक्षरांत तीन लेख आहेत. पहिला अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाह दुसरा याचा, हिजरी १०००, म्हणजे इसवी सन १५९१-९२. दुसरा जहांगीरपुत्र शाहजहानचा, हिजरी १०५१. तिसरा इराणच्या फतह अली शाह काजारचा, हिजरी १२४२. हिऱ्यावर अक्षर कोरायचे तर हिऱ्याचीच पूड लागते. किती दिवस कुणीतरी त्यावर मान मोडून बसले असेल त्याचा हिशेब नाही, आणि कोरणाऱ्याचे नाव इथेही नाही.

निजामशाहीतून मोगलांकडे, आणि नादिरशाहने दिल्ली लुटल्यानंतर इराणकडे, असा त्याचा प्रवास. १८२९ मध्ये तेहरानला जमावाने रशियन वकिलातीवर हल्ला करून राजदूत आणि नाटककार अलेक्झांडर ग्रिबोयेदोव्ह यांना ठार केले. तेव्हा शाहचा नातू खुसरो मिर्झा सेंट पीटर्सबर्गला माफी मागायला गेला आणि त्याने हा हिरा सम्राट पहिला निकोलस याला नजर केला. रक्ताची किंमत म्हणून हिरा दिला असे सर्रास सांगितले जाते. नुकत्याच हरलेल्या युद्धाची खंडणी हलकी व्हावी हाही त्यामागे हिशेब होता, आणि ती काही अंशी हलकी झालीही.

शाह हिऱ्याचे नाव निघाले की आपल्याकडे लगेच ‘परत आणा’ असा सूर लागतो. मला तो सूर घाईचा वाटतो. परत आणायचा तर कुणाकडे? निजामशाही १६३६ मध्ये संपली, मोगल संपले, काजारही संपले. प्रत्येकाने तो आधीच्याकडून बळानेच घेतला, आणि आजच्या अहिल्यानगरातल्या कुणाला त्यावर हक्क सांगता येईल असे मला दिसत नाही. लुटीच्या प्रत्येक प्रकरणाचा न्याय वेगळा असतो. देवळातून, थडग्यातून, जिंकलेल्या राजवाड्यातून उचललेल्या वस्तूंबद्दल माझे मत निराळे आहे. पण शाह हिऱ्याच्या बाबतीत मला हवी आहे ती पाटी. खरे तर पाटीचे तीन चतुर्थांश काम त्या हिऱ्याने स्वतःच करून ठेवले आहे: मालकाचे नाव, साल, पुन्हा मालकाचे नाव, पुन्हा साल. कोणत्याही संग्रहालयाने दागिन्यापाशी काय लिहावे याचा याहून चोख नमुना मी पाहिलेला नाही. पहिल्या निकोलसने मात्र त्यावर काही कोरवले नाही. त्यामुळे वकिलातीतले प्रेत आणि माफी मागायला आलेला राजपुत्र या चौथ्या मजकुराची जबाबदारी क्रेमलिनच्या अधिकाऱ्यांवर येते.

अशा मजकुराची गरज जुन्या काळापुरतीच आहे असेही नाही. राज्याभिषेकाचे अंडे न्यूयॉर्कच्या फोर्ब्स कुटुंबाकडून २००४ मध्ये व्हिक्टर वेक्सेलबर्ग या रशियन उद्योगपतीने इतर आठ शाही अंड्यांबरोबर विकत घेतले, आणि शुवालोव्ह प्रासादातले संग्रहालय २०१३ मध्ये उघडले. २०१८ मध्ये अमेरिकेने वेक्सेलबर्ग यांच्यावर निर्बंध घातले, २०२२ मध्ये ब्रिटनने. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात नोव्हेंबर २०२१ मध्ये फाबर्जेचे प्रदर्शन सुरू झाले, त्यात क्रेमलिनहून उसनी आणलेली अंडी होती. प्रदर्शन चालू असतानाच, २४ फेब्रुवारी २०२२ ला, रशियन फौजा युक्रेनमध्ये घुसल्या. अशा वेळी वस्तू काचपेटीतून काढून टाकाव्यात असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या मीनाकारावर आजच्या युद्धाचा राग काढण्यात अर्थ नाही. पण ती अंडी कुणी उसनी दिली, ते देणारे आज काय करत आहेत आणि वस्तू देण्याघेण्यातून दोन्ही बाजूंना कोणती प्रतिष्ठा मिळते, हे लिहायला लाजण्याचेही कारण नाही. १८९७ साली हे अंडे सत्तेची शोभा होते. आजही ते थोडेफार तेच काम करते. फक्त सत्ताधारी बदलले आहेत.

पाट्या वाचतो कोण, असे मला एका स्नेह्यांनी विचारले. ते म्हणाले, लोक हिऱ्यापुढे उभे राहून फोटो काढतात आणि पुढे सरकतात. असतीलही. म्हणूनच तर मी पाटीपेक्षा पेल्याचा आग्रह धरतो; तो वाचावा लागत नाही. नेहमीच्या वापरातली, थोडीशी ओबडधोबड, काठाला टवका उडालेली वस्तू हिऱ्यांच्या ओळीत मध्येच दिसली की माणूस थबकतोच आणि ‘हे इथे कशाला?’ असे शेजाऱ्याला विचारतो. खोदिंकाचे हे पेले दुर्मीळ नाहीत. लाखांनी केले होते, हजारो घरांत जपले गेले, आणि जुन्या वस्तूंच्या बाजारात ते आजही विकायला येतात. एका शाही अंड्याच्या विम्याला जितका पैसा लागतो त्याच्या चिमूटभर खर्चात कोणत्याही संग्रहालयाला एक पेला घेता येईल. काचपेटीत जागा करायची म्हटली तर बग्गी थोडी डावीकडे सरकवावी लागेल, एवढेच.